टेकडीला कुलूप कशासाठी?

कोविडचा विषय निघाला की हल्ली सगळ्यांना गमतीजमतीच आठवतात. थाळ्या वाजवल्या, कॉफी घुसळून घुसळून हात दुखले, केळ्याचा केक फसला, कॉलवर क्लायंट बोलत असताना मागे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वगैरे वगैरे. चांगलं आहे. पाच-सहा वर्षं गेली की कसल्याही दिवसांचं लोणचं मुरतं. पण परवा ऑफिसात चहा पिताना एक जण मला म्हणाला, "तुम्हा सायकलवाल्यांची काय, चैन होती राव! रस्ते रिकामे, हवा स्वच्छ, बॉस समोर नाही." लोकांच्या डोक्यात हे चित्र इतकं उलटं आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणून हा लेख. जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी थोडी ओळख. मी डोंगरी सायकल चालवतो. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, तास-तास हायवेवर पळवायची ती वेगळी जात. आमची जाड, खडबडीत टायरची, पुढच्या चाकाला सस्पेन्शन, मागे काही नाही. (मागेही सस्पेन्शन असलेली घ्यायची तर कार विकावी लागेल, आणि माझ्याकडे कार नाही.) ही सायकल डांबरी रस्त्यावर चालवणं म्हणजे ट्रॅक्टर घेऊन लक्ष्मी रोडला खरेदीला जाणं. तिची जागा टेकडीवर. मुरूम, सुटे दगड, बाभळीचे काटे, मधेच पावसाने कापलेली घळ. आणि पुण्याचं भाग्य असं की हे सगळं शहराच्या मधोमध आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी. सकाळी सहाला घरून निघालं की साडेसहाला मोर दिसतो आणि साडेआठला माणूस आंघोळ करून स्टँड-अप कॉलवर हजर. मुंबईच्या मित्रांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

माझी टेकडी कोणती ते लिहीत नाही. तिथला रखवालदार मला चेहऱ्याने ओळखतो, आणि जे झालं त्यात त्याचा काही दोष नव्हता.

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून देशभर टाळेबंदी. मला नोकरी लागून तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. कोथरूडला तिघांत एक भाड्याचा फ्लॅट. टेकडीच्या वाटेवर आधी एक बांबू आडवा आला, मग तारेची जाळी आली, मग फाटकाला कुलूप. स्पष्टच सांगतो, पहिल्या काही आठवड्यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो आणि भाजीला आंघोळ घालत होतो. अशा वेळी सगळंच बंद करा म्हणणारा माणूस शहाणाच. माझं भांडण आहे ते त्यानंतरच्या वर्ष-सव्वा वर्षाशी, जेव्हा बरंच काही कळलं होतं आणि तरी कुलूप पुन्हा पुन्हा लागत होतं.

त्या दिवसांत डोंगरी सायकलवाले काय करत होते? सांगतो.

पहिला मार्ग दुधाचा. घराबाहेर पडायला दूध, भाजी आणि औषध एवढीच कारणं चालत. मग आम्ही तिघांत घरातलं सगळं दूध आणायचं काम मी मागून घेतलं. चौकात बंदोबस्ताला असलेल्या हवालदारांशी झालेला संवाद अजून पाठ आहे.

"कुठं निघालात?"

"दूध आणायला, साहेब."

त्यांनी माझं हेल्मेट पाहिलं, हातमोजे पाहिले, सायकलीचे टायर पाहिले. "दूध आणायला एवढं नटून?"

आता बघा, त्याच वेळी माझ्या डाव्या हाताने एक काका स्कूटरवरून, डोक्यावर काही नाही, मास्क हनुवटीला, आरामात निघून गेले. त्यांना कुणी विचारलं नाही. हवालदारांनी मला सोडलं, माणूस चांगला होता, उन्हात दिवसभर उभा होता. मुद्दा त्यांचा नाहीच. मुद्दा असा की स्कूटरवरचा माणूस दिसताक्षणी 'कामाला निघालेला' वाटतो आणि सायकलवर हेल्मेट घातलेला माणूस दिसताक्षणी 'मजा मारायला निघालेला' वाटतो. पुण्यात तर हेल्मेट घालणारा माणूस एरवीही संशयितच. :-)

दुसरा मार्ग पार्किंगचा. बेसमेंटमध्ये एक पंचवीस पावलांची पट्टी रिकामी होती. तिथे मी पाय न टेकता सायकल जागेवर उभी धरायला शिकलो, आधी पाच सेकंद, मग महिन्याभरात दोन मिनिटं. मग एक वीट ठेवून तिच्यावरून दोन्ही चाकं उचलून उडी. मग दोन विटा. तिसऱ्या विटेला सोसायटीचा कागद लागला: 'पार्किंगमध्ये सायकलीचे खेळ करू नयेत. आदेशावरून.' त्याच पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी कमिटीचे सहा सदस्य एका टेबलाभोवती बसून पुढच्या नियमांची चर्चा करत. तो खेळ नव्हता, ती मीटिंग होती.

तिसरा मार्ग ट्रेनरचा. म्हणजे मागचं चाक एका स्टँडवर चढवून घरातच पेडल मारत बसायचं. रस्त्याच्या सायकलवाल्यांना हे जमतं, त्यांचे टायर गुळगुळीत. आमचे टायर त्या रोलरवर फिरले की थेट पिठाची गिरणी. आमच्या ग्रुपातल्या एकाने मोठ्या हौसेने कुणाचा तरी जुना ट्रेनर आणला. चौथ्या मिनिटाला खालच्या मजल्यावरून फोन. खाली पोरीची ऑनलाइन शाळा चालू होती. पुन्हा त्याने तो सुरू केला नाही.

आणि सुटे भाग! हा एक वेगळाच अध्याय. डोंगरी सायकल ही सतत काहीतरी मोडून घेणारी गोष्ट आहे. ट्यूबलेस टायरमध्ये जे पातळ औषध असतं ते चार-सहा महिन्यांत सुकतं. ब्रेकचे पॅड झिजतात. चेनला तेल लागतं. दुकानं बंद. मी शिलाई मशीनचं तेल वापरलं, मालकीणबाईंकडून मागून घेतलेलं. एका मित्राच्या सायकलीचा मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो तुकडाच मोडला. शंभर-दोनशे ग्रॅमसुद्धा वजन नाही त्याचं, पण तो नसेल तर गिअर नाहीत. शेवटी आम्ही व्हिडिओ कॉलवर त्याची चेन तोडून आखूड केली आणि सायकल एकाच गिअरची झाली. तशीच त्याने पुढचे तीन महिने चालवली, किराणा आणायला.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. केंद्र सरकारने १५ एप्रिल २०२० ला जे आदेश काढले त्यात २० तारखेपासून कुणाकुणाला काम सुरू करता येईल याची यादी होती. स्वतःचा धंदा करणाऱ्यांत इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आणि मोटार मेकॅनिक अशी नावं घेतलेली होती. सायकल दुरुस्त करणाऱ्याचं नाव नव्हतं. पुण्यासारख्या रुग्ण वाढत असलेल्या शहरात ही सवलत तशी कागदावरच राहिली, पण यादी करणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते कळतं. तिकडे ब्रिटनमध्ये २३ मार्चला टाळेबंदी लागली तेव्हा सायकलीची दुकानं उघडी ठेवायच्या दुकानांत होती आणि दिवसातून एकदा चालायला, पळायला किंवा सायकलीला बाहेर पडायची मुभा होती. उगाच परदेशाचं कौतुक करायचं म्हणून सांगत नाही. फ्रान्सने व्यायामाला घरापासून एक किलोमीटरची हद्द घातली होती आणि स्पेनमध्ये मोठ्या माणसांना व्यायामासाठी २ मेपर्यंत बाहेरच पडता येत नव्हतं. सांगतोय ते एवढ्यासाठी की सायकलीला गरजेच्या यादीत बसवणं शक्य होतं. कुणीतरी ते केलं होतं.

बरं, आता विषाणूकडे येऊ. चीनमधल्या अभ्यासकांनी एप्रिल २०२० मध्येच एक अभ्यास लोकांपुढे ठेवला होता. सात हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. उघड्यावर लागण पसरल्याचं त्यात एकच प्रकरण सापडलं, आणि त्यात दोन माणसं होती. बाकी सगळं घरात, गाडीत, हॉटेलात, दुकानात. तो अभ्यास हिवाळ्यातला होता, लोक तसेही घरातच असणार, हे धरून थोडं कमी करा हवं तर. पुढे जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की हा रोग हवेतून पसरतो, बंद खोलीतल्या हवेकडे लक्ष द्या. म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात एवढं कळलेलं होतं की बंद आणि कोंदट जागा वाईट, मोकळी आणि वाऱ्याची जागा बरी. या हिशोबाने पुण्यातली सगळ्यात सुरक्षित जागा कोणती असेल? मी सांगायची गरज नाही.

आणि गंमत म्हणजे सरकारला हे पटलंही होतं! महाराष्ट्राने ३१ मे २०२० ला 'पुन्हा सुरुवात' म्हणून जो आदेश काढला, त्यात ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ मोकळ्या जागेत एकट्याने चालायला, पळायला आणि सायकल चालवायला परवानगी होती. वर सायकलीत आपोआप अंतर राखलं जातं, म्हणून लोकांनी सायकल चालवावी, असा सल्लाही होता. मी तो आदेश दोनदा वाचला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. (३ जून हा जागतिक सायकल दिन. त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि पुण्यातही झाडं पडली. आणि त्याच दिवशी ॲटलस सायकलने साहिबाबादचा कारखाना बंद केला. देवाला विनोदबुद्धी आहे.)

मग १३ जुलैला पुण्यात पुन्हा दहा दिवस कडक बंद. आणि पुढच्या वर्षी १४ एप्रिल २०२१ ला रात्री ८ पासून जे निर्बंध आले, त्यांच्यासोबत सरकारने प्रश्नोत्तरं छापली होती. त्यात प्रश्न होता की सकाळी चालायला, पळायला, सायकल चालवायला जाता येईल का. उत्तर: नाही. म्हणजे दहा महिन्यांपूर्वी जे अंतर आपोआप राखलं जात होतं ते आता राखलं जाईनासं झालं. सायकल तीच, टेकडी तीच. त्याच वेळी घरपोच जेवण मागवायला परवानगी होती. म्हणजे एखाद्या पोराने दिवसभर शहरात वीस दारांवर, वीस लिफ्टमधून माझ्यासाठी बिर्याणी पोचवलेली चालेल, पण मी एकट्याने झाडीत एक तास फिरलेलं चालणार नाही. या नियमाचा कोड मी लिहिला असता तर रिव्ह्यूमध्येच अडकला असता.

जून २०२१ मधला प्रकार तर माझ्या धंद्याचाच अपमान होता. राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले. तिसऱ्या स्तरात बाहेर व्यायामाला वेळ दिली ती पहाटे ५ ते सकाळी ९. आता मला सांगा, सर्व्हरवर गर्दी वाढली की आपण काय करतो? लोड पसरवतो. उद्या टीममधलं एखादं नवं पोरगं म्हणालं की "सर, युजर फार वाढलेत, आपण साईट रोज चारच तास चालू ठेवू म्हणजे गर्दी होणार नाही," तर आपण त्याला प्रेमाने बसवून समजावू. इथे तेच राज्यपातळीवर झालं. जो माणूस दुपारी तीनला रिकाम्या टेकडीवर गेला असता त्याला सकाळी सातला शंभर जणांबरोबर ढकललं. आणि मग त्या शंभर जणांचे फोटो काढून म्हणायचं, बघा, लोकांना शिस्तच नाही.

आता तुम्ही म्हणाल, अरे पण तू पडलास तर? हाड मोडलं तर? हॉस्पिटलात खाट कुठे होती?

हा आक्षेप खरा आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात ऑक्सिजनची खाट मिळवायला लोक रात्ररात्र फोन करत होते. आमच्याही घरातलं एक माणूस त्या रांगेत होतं. अशा वेळी कुणी दगडांवरून उड्या मारून खुबा मोडून घेतला तर त्याला मीच दोन शिव्या देईन. म्हणूनच आमच्यातल्या बहुतेकांनी त्या काळात चढ चढायचा आणि उतारावर सायकल हातात धरून चालत यायचं असं ठरवलं होतं. हौसेचा नव्वद टक्के भाग उतारात असतो हे डोंगरी सायकल चालवणाऱ्यालाच कळेल. ते आम्ही सोडलं होतं. पण या आक्षेपातून 'उतारावर वेग नको' असा नियम निघतो. 'टेकडीवर माणूस नको' असा निघत नाही. दुधाला निघालेला स्कूटरवाला पडत नाही का?

आमच्या ग्रुपात एक जण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. बस फक्त अत्यावश्यक लोकांसाठी आणि त्याही मोजक्या, म्हणून तो रोज त्याच जाड टायरच्या सायकलीवर जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर करायचा. दिवसभर त्या प्लास्टिकच्या कपड्यांत घामाघूम. घरी आई-वडील, म्हणून वेगळ्या खोलीत एकटाच जेवायचा. एकदा ड्यूटीवरून परतताना तो टेकडीच्या फाटकाशी थांबला आणि रखवालदाराला म्हणाला, अर्धा तास वर बसून येतो, ओळखपत्र ठेवा हवं तर. रखवालदाराने हात जोडले, साहेब, माझी नोकरी जाईल. दोघंही बरोबर होते. याला शौर्यपदक देऊ नका, थाळ्या वाजवू नका, फुलंही उधळू नका. त्याला फाटक उघडून हवं होतं.

आणि आता खरं सांगायचं तर आम्हा सायकलवाल्यांचं निभावलं. रडगाणं गाऊन झालं, पण आमच्याकडे बाल्कनी होती, गच्ची होती, पार्किंग होतं, पगार चालू होता. ज्यांचं निभावलं नाही त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं. तिथल्या माणसाला 'घरातच राहा, अंतर राखा' म्हणून सांगणं ही क्रूर थट्टा होती, कारण त्याचं घर हीच सगळ्यात धोक्याची जागा. २०२० च्या उन्हाळ्यात पुण्यातला रोग भवानी पेठेसारख्या दाट वस्तीत सगळ्यात जोरात होता हे उगाच नाही. अशा लोकांना दिवसातले दोन तास उघड्यावर बसायला फुकटची जागा म्हणजे टेकडी. ती बंद केली 'हौशी लोकांची मजा' म्हणून, आणि फटका बसला तो ज्याच्याकडे खिडकीही नाही त्याला. दारूची दुकानं मे २०२० च्या सुरुवातीला उघडली, मॉल राज्यात ५ ऑगस्टला उघडले. महसूल लागतो, मान्य. टेकडी कर भरत नाही.

माझं असं मत झालंय की आपल्याकडे सायकलीचे दोनच अर्थ होतात. गरिबी किंवा हौस. तिसरा नाही. आठवतंय का, मे २०२० मध्ये ज्योती कुमारी नावाची १५ वर्षांची मुलगी जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून बिहारमधल्या दरभंग्याला निघाली होती? सुमारे १२०० किलोमीटर. गाड्या नव्हत्या, घरभाड्याला पैसे नव्हते. पोरगी पोचली, आणि देशाने काय केलं? सायकल महासंघाने तिला ट्रायलला बोलावलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलीने तिच्या चिकाटीचं ट्विटरवर कौतुक केलं. म्हणजे गरिबी दिसेनाशी करायला आपण ती झटकन हौसेच्या खात्यात टाकली. त्या मुलीला शर्यत नको होती, बस हवी होती. आणि ज्याला सायकल म्हणजे एक तर बिचारा मजूर नाहीतर लाखाची सायकल मिरवणारा शौकीन एवढंच दिसतं, तो जेव्हा 'गरजेच्या' गोष्टींची यादी करायला बसतो तेव्हा सायकल, सायकलवाला, सायकलीचा मेकॅनिक आणि सायकलीची वाट हे चारही बाहेर राहतात. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. यादीच तशी होते.

यात आमच्या जमातीनेही हातभार लावला, ते लपवत नाही. टेकडी जरा उघडली की वीस-वीस जण एका रांगेत, मास्क खिशात, वर गळ्यात गळे घालून फोटो, आणि तो लगेच इन्स्टाग्रामवर. च्यायला, एकट्याने चालवायला परवानगी आहे म्हटल्यावर एकट्याने चालवा की! त्या फोटोंनंतर आठवड्याभरात फाटकाशी दुसरा रखवालदार आला. शिवाय पावसाळ्यात मूळ वाट चिखलाची झाली की शेजारून गवतातून नवी वाट पाडणारे महाभाग आहेतच. एका सीझनला ती वाट घळ होते आणि माती वाहून जाते. टेकडीवर हक्क सांगायचा तर हे बंद करावं लागेल. त्याच काळात ज्यांनी रांगा लावून सायकली घेतल्या (आणि गिअरचे भाग जगभर मिळेनासे केले) त्यांच्या सायकली आज माझ्या पार्किंगमध्ये चादरीखाली झोपल्या आहेत, पण तो वेगळा लेख आहे.

हे सगळं जुनं झालं, आता कशाला उकरतोस, असं कुणी म्हणेल. जुनं झालेलं नाही. पौड फाट्यापासून बालभारतीपर्यंत टेकडीच्या अंगावरून दोनेक किलोमीटरचा रस्ता काढायची योजना गेली कित्येक वर्षं शहराच्या कागदांत आहे. बोगद्यांचीही चर्चा झाली. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवा म्हणून पुणेकरांनी मोठा मोर्चा काढला. म्हातारे होते, पोरं होती, कुत्रं घेऊन आलेले होते. मीही होतो, सायकल हातात धरून. रस्त्याच्या बाजूने बोलणारे लोक म्हणतात, नुसती टेकडीच तर आहे, रिकामीच तर पडलीये. मला वाटतं की कुलूप लावणारी नजर आणि रस्ता आखणारी नजर एकच आहे. कोविडमध्ये ती म्हणाली, इथे कुणाला काही गरजेचं काम नसतं, बंद करा. आता ती म्हणते, इथे कुणाला काही गरजेचं काम नसतं, फोडा.

पुढची साथ कधी येईल माहीत नाही, पण आली की पुन्हा कुणीतरी घाईघाईत एका रात्रीत यादी करणार. ती यादी आत्ताच, डोकं शांत असताना करायला काय हरकत आहे? महापालिकेच्या आपत्ती आराखड्यात चार ओळी लिहायच्या आहेत. टेकड्या सूर्योदय ते सूर्यास्त उघड्या, एकट्याने किंवा घरच्यांबरोबर. वर जायच्या जितक्या वाटा आहेत तितक्या सगळ्या चालू, म्हणजे एका फाटकाशी गर्दी नको. उतारावर सायकल हळू, नाहीतर हातात. आणि त्या मोटार मेकॅनिकच्या नावाशेजारी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचंही नाव.